बत्तीस मजल्यांची घरधनीण

माणसाची संस्कृती तो परक्या घरातून कसा निघतो यावरून ओळखावी, असं कनेरगाव नाक्याचे किशनराव सांगत. ऐकायला हे भारदस्त वाटे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच, की त्यांच्याबरोबर कुठं पाहुणे म्हणून गेलं की परतीची एसटी चुकत असे.

जेवणं झाली, पान झालं, तरी किशनराव निघत नसत. "घरची बाई कोण?" असं विचारत ते थेट चुलीपर्यंत जात, तिच्या हातावर खण ठेवत, "माय, येतो" म्हणत, आणि मगच चपला घालत. सरपंचाचा बंगला असो की बौद्धवस्तीतलं पत्र्याचं घर, नियम एकच. ढाब्यावरसुद्धा ते मागं जाऊन भाकऱ्या थापणारी शोधून काढत. खण असत त्यांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या पेटीतले. नवरा गावाला निघाला की त्या पिशवीत एक घालत.

किशनरावांचं फवारणी पंपांचं दुकान. माझंही तेच, हिंगोलीत. चिनी पंप आपल्याकडं नुकते येऊ लागले होते, तेव्हा कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना चीनमधला कारखाना दाखवायला नेलं. जायचं ठरलं तेव्हा सुमनबाई होत्या. निघालो तोवर त्या वारल्या होत्या.

कारखान्यांच्या त्या धुरकट शहरात आमचं हॉटेल बत्तीस मजली होतं. दार आपोआप उघडे, नळ आपोआप वाहे, लिफ्ट स्वतःशी बोले. आम्हा दोघांना एक खोली होती.

"एवढं मोठं घर, अन् या बसा म्हणणारं कोणी न्हाई," किशनराव म्हणाले.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला काउंटरवर नेलं. घरची बाई कोण, हे मी जमेल तसं इंग्रजीत विचारलं. तिथल्या मुलीनं फार गंभीरपणे सांगितलं, की हॉटेल एका कंपनीचं आहे आणि कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात आहे.

"कंपनीला चूल असती का?" किशनरावांनी मला विचारलं. हे भाषांतर मी केलं नाही.

सकाळी नाश्त्याला ते थेट स्वयंपाकघरात शिरले आणि उंच टोपीवाल्या आचाऱ्यानं त्यांना अदबीनं बाहेर आणून सोडलं. "आत समदे बाप्येच हायेत," ते खिन्नपणे म्हणाले.

शेवटी आमच्याच मजल्यावर चादरींची गाडी ढकलणारी एक बाई त्यांना सापडली. वयानं पन्नाशीची. "आपलं अंथरूण हीच घालते. म्हंजे घरची हीच." त्यांनी हिरवा खण दोन्ही हातांनी पुढं केला. बाई मागं सरकली. तिनं छताजवळच्या कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं आणि नको नको असा हात हलवला.

किशनराव खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"हा शेवटचा हाय, भाऊ. पेटीत आता एकबी न्हाई. चीनच्या बाईला द्या म्हणून तिनंच काढून ठेवला व्हता."

"मग घरी न्या परत."

"अन् तिला काय सांगू?"



निघायच्या सकाळी त्यांनी आपल्या हातानं चादरीची घडी केली आणि खण उशीवर ठेवला. आम्ही बसमध्ये बसलो. बस सुटणार तोच ती बाई समोरच्या मोठ्या दारातून पळत आली. त्या दारातून यायची तिला मुभा नसावी, कारण दरवान तिच्याकडं बघतच राहिला. धापा टाकत तिनं दोन्ही हात पुढं केले. पारदर्शक पिशवीत तोच खण होता.

किशनराव खाली उतरले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "माय, येतो," म्हणाले. तीही काहीतरी बोलली आणि बस वळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

"पाहिलं का, भाऊ? दारापर्यंत पोचवाया आली," किशनराव म्हणाले. "आपला खण तिनं ठिवला, अन् तोच आपल्याला तिच्याकडून म्हणून दिला. पाव्हण्याला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत हितं बी. घरी गेल्यावर सांगतो तिला."

एवढ्यात गाइडनं माइक हातात घेतला. खोलीत पाहुण्याची वस्तू राहिली तर साफसफाईवाल्या बाईचा पगार कापतात, तरी पुढच्या हॉटेलात सर्वांनी सामान नीट तपासावं, असं त्यानं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. किशनरावांना इंग्रजी येत नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये आम्हा कुणालाच आलं नाही.