केसांना लावलेलं गुडघ्याचं औषध

तासगावला मुलगी बघायला निघायच्या वेळीच शिवतेजचं केसांचं जेल संपलं. फ्रिजमध्ये एक बिननावाची डबी सापडली, आत काचेसारखं नितळ, गार वासाचं जेल. त्यानं सगळं डोक्यावर थापलं. 'पोरगा दगडासारखा बसतो' म्हणून याआधी नकार आले होते. आज निदान भांग तरी नीट असावा, एवढीच त्याची इच्छा.

सांगली मागं पडली आणि टाळू गारठायला लागला. तेवढ्यात बहिणीचा, सृष्टीचा कॉलेजमधून फोन आला.

"दादा, फ्रिजमधली डबी कुठं हाय?"

"केसाला लावली."

पलीकडून किंचाळी आली. मग सृष्टीनं सांगितलं, की ते तिच्या फार्मसीच्या प्रोजेक्टचं गुडघेदुखीचं औषध होतं. कापूर आणि पुदिन्याच्या सताचे तिनं इतके बारीक थेंब केले होते, की ते कातडीतून थेट आत मुरावेत. "आता नुसत्या पाण्यानं धुऊ नको, डोळ्यांत..." म्हणेपर्यंत रेंज गेली.

पण टाळूचा गारठा सोसेना, म्हणून मुलीच्या दारात उतरताच शिवतेजनं नळाखाली डोकं धरलं.

बैठकीत मुलीचे वडील, आकाराम, सांगत होते, रेश्मा लहान असतानाच तिची आई गेली. त्याच क्षणी ओल्या केसांतून ओघळ डोळ्यांत उतरला आणि शिवतेजच्या गालांवरून धारा लागल्या. आकारामांनीही खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे टिपले. शिवतेजची आई मनुबाई चकित होऊन लेकाकडं बघत राहिली.

दोघांना बोलायला बेदाण्याच्या शेडकडं धाडलं. शिवतेजला रडण्यामुळं मिळालेला हा फुकटचा मान पचेना.

"मी रडलो न्हाई," तो म्हणाला. "डोक्याला गुडघ्याचं औषध लावलंय. आधीच सांगतो, मागनं फसवलं म्हनू नका."

"मला दारातच वास आला," रेश्मा म्हणाली. "आबांचं नाक सर्दीनं बंद हाय, म्हनून निभावलं. मी आत पदर तोंडात कोंबून बसले हुते."

आणि तिला जे हसू फुटलं, ते थांबेना. दगडासारखा शिवतेजही पोट धरून हसला. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

लाल डोळ्यांनी दोघं परतली, तेव्हा आकारामांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा पोराकडं, आणि टॉवेलनं नाक पुसलं.

"दोघं बी रडून आल्यात," ते हळूच म्हणाले. "आता इचारायचं काय राहिलं? साखर आना."