सुभानजी चितारी यांणी न काढिलेल्या उजव्या गालाची हकीकत

श्री. ज्या कर्त्याने इतकी मुखे घडविली आणि एकासारखे दुसरे होऊ दिले नाही, त्यास लिहिणाराचा दंडवत. शके सतराशे अकरा, सौम्य नाम संवत्सर. नाव सौम्य, परंतु त्या वर्षी जे जाहले ते लिहिताना हात जड होतो. न लिहावे तर मागाहून कोणी काहीबाही रचील, म्हणोन डोळ्यांदेखत घडले तितके लिहितो. एक नदी होती, आणि नदीचे अलीकडे एक राज्य व पलीकडे एक राज्य, आणि मध्ये एक वाळूचे बेट, आणि त्या बेटावर उन्हाळ्यात खरबुजे होत. त्या बेटापायी दोन्ही राज्ये तीन पिढ्या लढत आली. खरबुजे कोल्हे खात आणि माणसे मरत. मध्ये चार वर्षे लढाई नसली की सोयरिकी होत, आणि मग व्याही व्याह्यांवर तोफा डागीत. ऐसा सारा शहाणपणाचा कारभार!

अलीकडच्या राज्यात सुभानजी चितारी म्हणोन थोर कसबी होते. तरुणपणी त्यांचे वडील बंधू बेटावरच्या लढाईत पडले, तेव्हा हे प्रेत शोधावयास गेले, आणि चिखलात एक मढे पडले होते ते बंधूचे समजोन खांद्यावर घातले, निम्मी वाट आणिले, आणि मग तोंडावरचा चिखल पुसिला तो शत्रूकडील शिपाई निघाला. तेव्हापासोन त्यांचे मनाने घेतले की माणसास माणसाचे तोंड नीट दिसत नाही म्हणोन तो मारतो, दिसेल तर हात उचलणार नाही. आणि कुंचले व रंगांचे शिंपले बांधोन निघाले ते बावीस वर्षे जग हिंडले. गलबतात बसोन टोपीकरांचे मुलुखी गेले, तेथोन बर्फाचे मुलुखी गेले, तेथे रंग गोठत ते काखेत धरोन पातळ करीत. वाळवंटी गेले, तेथे उंटाचे सावलीस बसोन रंग खलीत. जेथे दोन राजे भांडत तेथे जात, याची तसबीर त्यास आणि त्याची यास नेऊन देत, आणि म्हणत, 'महिनाभर रोज सकाळी पाहावी, मग लढाईचे बोलावे.' नुसते राजेच नव्हेत. भटारी, धोबिणी, तोफा ओढणारे, यांचीही तोंडे काढून शत्रूचे पेठेत टांगीत. चार ठिकाणी लढाया व्हावयाच्या राहिल्या. त्यांत एके ठिकाणी टोळधाड आली म्हणोन राहिली हे खरे, परंतु तीन तरी त्यांचे पदरी घालावयास हरकत नाही. एकंदर अठराशे तोंडे काढिली. त्यांचे कामाच्या रीती दोन. एक, तोंड बाजूने काढीत, एक डोळा दिसेल ऐसे, आणि नाक सदैव डावीकडे, कारण हात तैसाच बसला होता. दुसरी, समोर बसोन जे पाहिले नाही ते काढीत नसत. म्हणत, 'न पाहता काढणे ती खोटी साक्ष.' तसबिरी साऱ्या एकेकट्या टांगिल्या जात, म्हणोन नाक कोणीकडे याचा विचार कोणी केला नाही, आणि त्यांणीही केला नाही.

परत आले ते लेकीसाठी. ठकूबाई एकुलती एक, आईवेगळी, आत्याने वाढविलेली, आणि नदीपलीकडे सयाजी जीनगर घोड्यांची खोगिरे करी त्यास दिलेली. लग्नात बाप नव्हता. बर्फाचे मुलुखी होता. आता तिला पहिले दिवस गेले होते, बाळंतपणास माहेरी यावे तर लढाईची बोलणी सुरू, नदी ओलांडावयाचा उतार बंद, दोन्ही तीरांस चौक्या. तिने मालू नावाड्याकडून निरोप धाडिला, 'बाबा, सातवा सरला. येऊन न्या.' आणि मालू आपले पदरचे म्हणाला, 'बुवा, तुम्ही येऊ नका. मीच बाईस मासळीच्या टोपल्यांआड बसवून आणतो. चौकीवाले माझे सोयरे आहेत, बघून न बघितल्यासारखे करतील.' तेव्हा सुभानजी बोलिले, 'अरे, मी दोन्ही महाराजांस तहास राजी केले, आणि माझीच लेक चोरून आली, तर तहावर कोणी भरवसा ठेवावा? महिनाभर थांब म्हणावे. वाजत गाजत आणीन.' प्रस्तुत लिहिणार चिटणिशीतला कारकून, तेथेच बसला होता, त्याने वाहवा वाहवा म्हणोन मान डोलविली. ती मान तेव्हाच मोडती तर बरे होते!

मग सुभानजींणी चौकीपहाऱ्यात पलीकडे जाऊन येऊन, दोन्ही महाराजांपुढे बसोन दोन तसबिरी सिद्ध केल्या. या राज्यांची रीत ऐसी की तहास राजे जातीने येत नाहीत, कारण आधी येईल तो गरजू ठरतो. डेऱ्यात दोन गाद्या मांडाव्या, त्यांवर दोघांच्या तसबिरी बसवाव्या, त्यांस मुजरा करावा आणि त्यांचेसमक्ष कागद वाचून शिक्के करावे. गाद्याही शेजारी शेजारीच. समोरासमोर मांडिल्या तर एक धनी आणि एक अर्जदार दिसतो. तहनामा ठरला, बेट निम्मे निम्मे, उतार मोकळा, शिक्के होईतो तीन दिवस लढाईची तहकुबी, आणि डेरा दिला. पहिले दिवशी तसबिरींवरील वस्त्रे काढिली, सारे वाहवा म्हणाले, आणि मग जो तो शेजाऱ्यास कोपर मारू लागला. दोन्ही महाराजांची नाके डावीकडे! पलीकडचे महाराज उजवे गादीवर होते, ते आमचे महाराजांचे मानगुटीकडे पाहात बसले होते.

पलीकडचा वकील म्हणाला, 'आमचे धनी तुमचे धन्यांचे पाठीमागे चालणारे हुजरे काय?' मग गाद्या बदलल्या, तो आमचे महाराज त्यांचे मागे गेले, आणि आमचे दिवाणसाहेबांचा चेहरा उतरला. पुन्हा बदलल्या. एक तसबीर कापडाने झाकावी म्हटले, तो वकील म्हणाला, 'जिवंत माणसाचे तोंड झाकता?' आणि तेही खरे. तेव्हा दिवाणसाहेब सुभानजींकडे वळून, हात जोडून म्हणाले, 'बुवा, एक तोंड फिरवून द्या. उद्या द्या, परवा द्या. वेडेवाकडे निघाले तरी चालेल.' सुभानजी म्हणाले, 'डावा गाल पाहून काढिला. उजवा पाहिला नाही, तो कैसा काढू? पुन्हा बैठक द्यावी, पंधरा दिवस द्यावे.' दिवाण म्हणाले, 'तहकुबी तीनच दिवसांची, हे आपणांस ठाऊक आहे.' वकील मनाने वाईट नव्हता, त्यास घरी जावयाचे होते, तो म्हणाला, 'अहो बुवा, खाका उलटा टाका की!' खाका म्हणजे टोचलेला कागद, त्यावर कोळशाची पूड फिरविली की खाली रेघ उमटते. कागद पालथा घातला की तोंड आपोआप फिरते, हे चिताऱ्यांचे घरी शेंबड्या पोरास ठाऊक. सुभानजी म्हणाले, 'दोघांचाही उजवा गाल पाहिला नाही, आणि तुमचे महाराजांचे तर डावे गालावर देवीचा वण आहे, तो उजवीकडे जाईल.' वकील म्हणाला, 'तर वण पुसोन टाका, महाराज खूषच होतील!' तेव्हा डेऱ्यात दोन्हीकडील माणसे मिळोन हसली. तितकेच काय ते हसणे. सुभानजी हसले नाहीत. म्हणाले, 'अठराशे तोंडे काढिली, एक खोटे काढिले नाही. खोटे तोंड गादीवर बसवून खरा तह होत नाही.' दिवाणसाहेबांणी या लिहिणाराकडे पाहिले, कारण बुवा याचे ऐकत. याने म्हणावे, 'बुवा, पलीकडे ठकूबाई आहे, खाका पालथा घाला.' इतकेच म्हणावयाचे होते. परंतु यास बुवांचे ते बोलणे फार थोर वाटले, आणि याने ते कागदावर उतरून घेतले. धिक्कार असो ऐशा कारकुनाचा!

तिसरे दिवशी वकील तसबीर बगलेत मारून गेला, आणि चौथे दिवशी तोफा सुटल्या. पलीकडचे घोडदळ निघाले, त्यांजबरोबर खोगिरे दुरुस्त करावयास सयाजीस नेले, आणि तो बेटावर आमचे तोफेचा गोळा लागोन पडला. गाव जळाले, ठकूबाई जोंधळ्याचे रानात पळाली, आणि तेथेच बाळंत जाहली. जवळ एक म्हातारी परकी बाई होती, तिने नाळ कापिली. ही खबर मालूने आणिली तेव्हा सुभानजी उठले, फडताळातून पलीकडचे महाराजांचा खाका काढिला, पालथा घातला, कोळशाची पुरचुंडी फिरविली, रंग भरिला, आणि वण तेवढा गाळिला. घटकाभर लागली असेल. महाराज उजवीकडे पाहात होते. सुभानजी म्हणाले, 'कारकून, तेच दिसतात की हो. कोणी म्हणेल का की दुसरे आहेत?' मी म्हटले, 'नाही.' मग ते लहान पोरासारखे रडले, आणि मी त्यांस उगी करू शकलो नाही, कारण मलाही रडू आले.

तीन वर्षे लढाई चालली. मग नदीस ऐसा पूर आला की बेटच वाहोन गेले, आणि भांडावयास काही उरले नाही, म्हणोन दोन्ही फौजा घरी गेल्या आणि उतार मोकळा जाहला. तेव्हा सुभानजी मालूचे नावेत बसोन पलीकडे गेले, आणि हा लिहिणारही संगे गेला. जळके घर पुन्हा शाकारले होते. ठकूबाई ओट्यावर बसोन नवऱ्याचे आरीने खोगिराचे चामडे शिवीत होती. तिने वर पाहिले, मालूसंगे आलेले कोण ते ओळखले, काम खाली ठेविले, आणि आत जाऊन गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या आणिला. पाय धुवावयास पाणी दिले. रीतीत काही उणे केले नाही. तिची लेक तीन वर्षांची, पदर धरोन उभी होती, तिने पुसिले, 'आई, हे कोण?' सुभानजींणी हातातला तांब्या तैसाच धरिला आणि ठकूबाईचे तोंडाकडे पाहात राहिले. ठकूबाई लेकीचे केस सारखे करीत म्हणाली, 'पाहुणे आहेत, बाळ. लांबून आलेत. जगातली भांडणे मिटावी म्हणोन तसबिरी काढतात.'

येणेप्रमाणे दोन राज्यांचा तह एका गालासाठी राहिला. तहनामा दप्तरी आहे, त्यावर शिक्का नाही. चूक कोणाची हे वाचणारांस कळेलच. परंतु सुभानजीबुवा अद्यापि हयात आहेत, म्हणोन हे लिहिणे त्यांचेसमोर वाचू नये. हे विनंती.