सात वेळा नवीन लागलेला जावई

राजवीरची योजना इतकी पक्की होती की तिच्यात भोक पडणं शक्यच नव्हतं. आणि भोकांतलं त्याला कळायचं, कारण देवासच्या एका गिअर कारखान्यात तो सात वर्षं ड्रिल मशीनवर उभा होता.

सात वर्षं, एकच मशीन, पण लागला मात्र सात वेळा. अकरा महिने झाले की ठेकेदार त्याला आठ दिवस घरी बसवायचा आणि नवव्या दिवशी, जणू कधी पाहिलंच नाही असा चेहरा करून, परत घ्यायचा. या घरी बसण्याला सगळे ब्रेक म्हणत. परमनंट माणसात आणि त्याच्यात दिसायला फरक एकच होता. परमनंटवाल्यांचा शर्ट निळा, ठेकेवाल्यांचा खाकी. पगारातही फरक होता, पण तो लांबून दिसत नाही.

आणि धारचे जगदेवराव त्याला लांबूनच बघणार होते.

जगदेवरावांच्या पूर्वजांकडे दरबारची पागा होती. त्यामुळे घोडा असो की जावई, कामावर असतानाच पारखायचा, असा त्या घराचा रिवाज. मुलगी ऋतिका राजवीरला पसंत होती. पसंत कसली, तीन महिने फोनवर बोलून तो पार विरघळला होता. पण जगदेवरावांची अट होती: मुलगा परमनंट हवा. स्थळ सुचवणाऱ्या सुभद्रामावशींनी "परमनंटच आहे" असं ठोकून दिलं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगायचा धीर राजवीरला अजून झाला नव्हता.

मार्चमधल्या एका मंगळवारी जगदेवराव येणार ठरलं. ते कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतील, तीन वाजता शिफ्ट सुटेल, राजवीर ऐटीत बाहेर येईल. शर्ट दिला भास्करकाकांनी. काका शेजारच्या मशीनवर परमनंट होते आणि त्यांच्याकडे एक निळा शर्ट जास्तीचा होता.

"भिया, दहा मिनटाचं काम आहे," काका म्हणाले. "कोण बघतंय?"

पावणेतीनला राजवीरने शर्ट बदलला आणि तिथेच घात झाला. नवा एचआर साहेब येऊन आठवडाच झाला होता. तो माणसं ओळखत नव्हता, शर्ट ओळखत होता. त्याने राजवीरला दंडाला धरून गेटजवळच्या मांडवात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. आजूबाजूला सगळे निळेच होते.

मांडव, खुर्च्या, शाली, नारळ. टपरीवरून जगदेवरावांनी हे पाहिलं आणि त्यांना राहवेना. ते साफा सावरत गेटवर आले. पांढऱ्या मिशा पाहून रखवालदाराला हे जुने रिटायर झालेले कोणी वाटले आणि त्याने त्यांना थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

"आप लोग कंपनी की रीढ़ हैं," साहेबांनी सुरुवात केली.

जगदेवरावांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

मग एकेकाच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि नारळाबरोबर एक फॉर्म. राजवीरची पाळी आली तेव्हा जगदेवराव उठून उभे राहिले. एकतिसाव्या वर्षी सत्कार होणारा जावई अख्ख्या धारमध्ये कोणाला मिळाला नव्हता. त्यांनी कौतुकाने फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला आणि वाचला.

"राजवीरराव," ते हळूच म्हणाले, "ही तर स्वेच्छानिवृत्ती आहे. लग्नाच्या आधीच रिटायर?"

"साइन कीजिए, पीछे लाइन है," साहेब म्हणाले. "मार्केट ठंडा है, परमनंट स्टाफ आधा करना है."

राजवीरने पेन घेतलं आणि परत ठेवलं. सही करायलासुद्धा नोकरी असावी लागते.

"सर, मैं परमनंट नहीं हूँ. ठेके पर हूँ. शर्ट उधार का है."

साहेबांनी त्याच्या खांद्यावरची शाल काढून घेतली.

"तो यहाँ क्यों बैठे हो? मशीन कौन चलाएगा? अब तो सारी लाइन तुम्हीं लोगों पर है."

तीनला शिफ्ट सुटल्यावर दोघे टपरीवर बसले आणि जगदेवरावांचा चहा थंड झाला. राजवीरने सगळं सांगून टाकलं, सात वर्षं, सहा ब्रेक, मावशींची थाप, काकांचा शर्ट. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. जगदेवरावांनी मुलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"ऋतिका, हे स्थळ राहू दे. मुलगा ठेक्यावर आहे. इथे समोरच बसलाय."

"बाबासाहेब," पलीकडून ऋतिका म्हणाली, "मग आपलंही सांगून टाका."

जगदेवराव टपरीच्या पत्र्याकडे बघू लागले.

"मीच सांगते. राजवीर, मी कुक्षीच्या सरकारी शाळेत शिकवते हे खरं आहे. पण अतिथी शिक्षिका म्हणून. एप्रिल संपला की घरी बसवतात आणि जुलैत पुन्हा अर्ज. पाच वर्षं झाली. तुम्हाला चालेल का?"

राजवीरला इतकं हलकं वाटलं की त्याने जगदेवरावांचा थंड चहा पिऊन टाकला.

"माझा पुढचा ब्रेक मे महिन्यात येतोय," तो म्हणाला. "दोघांनाही रजा मागावी लागणार नाही."

जगदेवरावांनी मिशांवरून हात फिरवला. "मेमध्येच बघू मुहूर्त," ते म्हणाले. "पाच वर्षं आणि सात वर्षं न कंटाळता टिकलेली माणसं आहात. टिकेल तुमचं."

एप्रिलमध्ये राजवीर पेढे घेऊन ठेकेदाराकडे गेला.

"ब्रेक?" ठेकेदार म्हणाला. "इस साल किसी को ब्रेक नहीं, भिया. परमनंटवाले चले गए, आदमी कहाँ है? एक दिन भी नहीं मिलेगा."

सात वर्षं ज्या बिनब्रेकच्या नोकरीसाठी देव पाण्यात ठेवले, ती नेमकी लग्नाच्या महिन्यात मिळाली. राजवीरने घाबरत धारला फोन केला.

"शिफ्ट तीनला सुटते ना?" जगदेवराव म्हणाले. "मग गोरज मुहूर्त धरू. वऱ्हाड आम्हीच देवासला आणतो."

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला राजवीर हळदीच्या हातांनी मशीनवर हजर होता.

"शादी के लिए एक दिन की भी छुट्टी नहीं ली?" सुपरवायझरने विचारलं.

"नहीं मिली, साहब," राजवीर म्हणाला, आणि त्याची छाती अशी फुगली होती की बघणाऱ्याला वाटावं, याला बढतीच मिळाली.