हौसाबाई साळिंदर पाटीवर मावत नाही

बसा रे बाळांनो, मांडी घालून. ए मागच्या, जांभई नंतर दे. एका जंगलात प्रत्येक प्राण्याला जन्मतःच एक संख्या मिळायची. का मिळायची ते विचारू नका. मिळायची.

एका उन्हाळ्यात तिथले झरे आटले. एकच पाणवठा उरला. वाघोबा महाराजांनी फर्मान काढलं, इथे फक्त परिमेय प्राण्यांनी पाणी प्यावं. परिमेय म्हणजे ज्याची संख्या अपूर्णांकात लिहिता येते. वर पूर्णांक, खाली पूर्णांक, आणि खाली शून्य नको.

वाटेवर पाटी-पेन्सिल घेऊन दिगूअण्णा तरस बसले.

रांगेत हौसाबाई साळिंदर उभी होती. सोबत तिची लेक चिंगी. पोरीच्या घशाला कोरड पडलेली, आणि हौसाबाईचा जीव नुसता कासावीस.

पुढचा ससा म्हणाला, "०.५."

अण्णांनी वर पाच लिहिले, खाली दहा. "म्हणजे एक छेद दोन. जा, पी."

हरणाचे ०.७५ झाले पंचाहत्तर छेद शंभर, म्हणजे तीन छेद चार. तेही गेलं.

मग महाराज स्वतः आले. त्यांची संख्या दोनचं वर्गमूळ, १.४१४२१... ती संपतही नव्हती आणि तिच्यात काही परत परत येतही नव्हतं. अपूर्णांकात ती सात जन्मांत बसली नसती. अण्णांनी १.४१ लिहिलं आणि पाटीचा काठ आला.

"एकशे एक्केचाळीस छेद शंभर! महाराज परिमेय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हौसाबाईची संख्या ०.३३३... तीन काही संपेनात.

"अगं बाई, हे काय मारुतीचं शेपूट!" अण्णा खेकसले. "अपरिमेय. हो बाजूला."

"अहो अण्णा, माझी दहापट करा. ३.३३३... झाले. त्यातून मला वजा करा. शेपटातून शेपूट गेलं, उरले तीन. म्हणजे माझी नऊपट तीन. मी तीन छेद नऊ, सरळ एक छेद तीन!"

अण्णांनी बोटांवर करून पाहिलं. गणित बरोबर होतं. म्हणून ते जास्तच चिडले.

"असशील. पण पाटीवर मावत नाहीस."

"आणि महाराज मावले?"

"महाराज काठ आला की थांबतात." अण्णांनी आवाज खाली आणला. "तूही ०.३३ सांग. तेहतीस छेद शंभर. लगेच सोडतो."

"पण ती माझी संख्या नाही हो!" हौसाबाईला रडूच फुटलं. तेवढ्यात चिंगीने सुकलेली जीभ ओठांवरून फिरवली. हौसाबाईने डोळे पुसले.

"०.३३. आणि ही माझी लेक, ०.६७."

दोघी पाण्यापाशी पोचल्या. चिंगी म्हणाली, "आई, मी तर ०.६६६... ना गं? मग मी नक्की कोण?"

"घरी दोन छेद तीन. इथे ०.६७. आता हळू बोल आणि पाणी पी."

तात्पर्य : परिमेय संख्येची व्याख्या पाठ करावी, परीक्षेत तिला मार्क असतात. तहान लागली असेल तर मात्र आधी पाटीची लांबी बघावी.