ताप आलेला संगणक

पष्टे गुरुजी यंत्रांना अहोजाहो करत. गावातल्या माणसांना अरेतुरे चालायचं. गावच्या सरपंचालाही ते भर ग्रामसभेत "काय रे बाळ्या" म्हणत, कारण तो त्यांच्या हाताखाली पाढे शिकला होता. पण शाळेचा रेडिओ खरखरला की गुरुजी त्याच्यापुढे किंचित वाकून विचारायचे, "काय झालं हो? घसा बसला का?" मुरबाडहून निघालेली एसटी चढणीला धापा टाकू लागली की पुढच्या सीटवरून त्यांचा आवाज यायचा, "दमानं घ्या बाई, दमानं. आमाला घाई नाय." एकदा उभ्यानं प्रवास करणाऱ्या एका म्हातारीला वाटलं, आपल्यालाच सांगतायत. ती बिचारी खाली फतकल मारून बसली.

"गुरुजी, यंत्राला काय कळतं?" असं कुणी विचारलंच तर ते म्हणत, "कळतं. पण टाइम लागतो. आपल्याला नाय लागत?"

मी तेव्हा मुरबाड तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. आसपासच्या शाळा तपासायच्या, अहवाल गोळा करायचे आणि तालुक्याला नेऊन द्यायचे, हे माझं काम. गुरुजींची शाळा वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत होती. मुलं ठाकर आदिवासींची. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यासारखी वाटायची. पहिलीचं पोर वर्ष वर्ष तोंड उघडत नसे.

गुरुजींविषयी मी आजवर खूप सांगितलं आहे. प्रशिक्षणांत, लग्नांत, निरोपसमारंभांत. मुरबाड-शहापूरकडच्या जुन्या शिक्षकांना त्यांची एक गोष्ट तोंडपाठ आहे, आणि ती माझ्याकडून पसरलेली आहे. ती अर्धीच आहे. माझं वय झालं, आता उरलेली अर्धी सांगितली पाहिजे.

पण आधी एका खोक्याचं सांगतो. नव्वदच्या दशकात शाळांना टीव्ही संच मिळाले. वाडीत वीजच नव्हती. गुरुजी माझ्या कार्यालयात आले, संचावरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, यांना इथंच राहू द्या. तिथं आणून उपाशी ठेवण्यात अर्थ नाय. मला यांचा खोका द्या."

खोका डोक्यावर घेऊन ते एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, याचं लगेज पडंल."

"रिकामा हाय रे."

"मग नेताव कशाला?"

"बातम्या ठेवायला."

पुढे तपासणीला गेलो तेव्हा वर्गात तो खोका टेबलावर होता. पुढच्या बाजूला चौकोनी खिडकी कापलेली, शेजारी कोळशानं काढलेलं बटण. खिडकीतून एक पोरगी तिच्या बोलीत बातम्या देत होती. शेळी व्यायली, दोन पिल्लं झाली, एकाचा कान पांढरा आहे. गुरुजींची छत्री पुन्हा हरवली. कुणाला सापडली तर द्यावी, म्हणजे तरी ते उशीर झाल्यावर पावसाचं कारण सांगणार नाहीत. तेवढ्यात एकानं कोळशाचं बटण दाबलं आणि पोरगी शब्दाच्या मध्यावर गप्प झाली. वर्ग ओरडला, "लाव रे, लाव!" जी पोरं वर्षभर तोंड उघडत नसत, ती खोक्यात जायला रांग लावून उभी होती.

मी पोट धरून हसलो. मग अहवालात लिहिलं: टीव्ही संचाचा वापर – नाही.

दोन हजारनंतर वाडीत वीज आली. दुसऱ्याच दिवशी गुरुजी दारात हजर. "साहेब, तार आली. आता खोका नको. आता खराच द्या."

खरा म्हणजे संगणक. आमच्या केंद्राला तेव्हा एकच मिळणार होता. शिक्षकांचं प्रशिक्षण होईल, ज्याला चांगलं जमेल त्याच्या शाळेला तो द्यायचा, असं ठरलं होतं. शिफारस माझी. "आमची पोरं खोक्यात बसून बोलायला लागली," गुरुजी म्हणाले, "यांच्यासमोर बसली तर काय करतील! मला बघायचंय." एवढ्या आर्जवानं काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

प्रशिक्षण मुरबाडला एका शाळेच्या खोलीत होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग. धुळीनं संगणक आजारी पडतात, असं तेव्हा सगळेच मानत. पहिल्या दिवशी नारळ फुटला, प्रत्येक कळफलकाला हळदकुंकू लागलं. कल्याणहून आलेला तरुण प्रशिक्षक मोजे घातलेल्या पायांनी फिरत रुमालानं कुंकू पुसत होता आणि पुटपुटत होता. त्याला आम्ही सगळे आदिमानव वाटत होतो. त्यानं ते लपवलंही नाही.

शहापूरकडून बदलून आलेल्या वेखंडे बाई पहिल्या रांगेत होत्या. पन्नाशीच्या, भित्र्या, वर्गात मात्र उत्तम शिकवणाऱ्या. अख्खी सकाळ खपून त्यांनी स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव पडद्यावर उमटवलं. मग कुठलीशी कळ दाबली गेली आणि सगळं गेलं.

"काय दाबलंत मॅडम?" प्रशिक्षक ओरडला. "पाटी-पेन्सिल वाटली का ही? बिघडलं तर कोण बघणार?"

बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. चहाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. "साहेब, मला घरी जाऊ द्या. नोकरी सोडल्याचं लिहून देते. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"असं मध्येच जाता येत नाही," मी म्हणालो. माझ्यामागे पष्टे गुरुजी बशीत चहा ओतून घेत उभे होते.

सुट्टीनंतर गुरुजी मागच्या रांगेतली आपली जागा सोडून बाईंच्या शेजारच्या संगणकावर जाऊन बसले. थोडा वेळ इकडेतिकडे हात फिरवला. मग पडद्याच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "अरारा! अहो सर, यांना ताप आलाय!"

सगळे वळले. गुरुजी उठले, माठावर जाऊन खांद्यावरचा टॉवेल भिजवला, करकचून पिळला, घडी घातली आणि त्याची पट्टी संगणकाच्या कपाळावर ठेवली. मग माउसची वायर दोन बोटांत धरून डोळे मिटले. "नाडी जोरात चाललीय."

"काय करताय काय!" प्रशिक्षक किंचाळत धावला.

"दमानं घ्या. उतरंल."

खोलीत हशा पिकला. एक शिक्षक बाकावरून घसरले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वेखंडे बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पदर लावायला हात बाहेर काढावे लागतात, हे मला तेव्हा दिसलं नाही.

त्यानंतर प्रशिक्षकाचा सगळा राग पष्टे गुरुजींच्या नावे जमा झाला. कुणाचं काही चुकलं की सगळे त्यांच्याकडे बघत, आणि त्यांनी हमखास त्याहून मोठं काहीतरी करून ठेवलेलं असे. शेवटच्या दिवशी वेखंडे बाईंनी स्वतःच्या हातानं अर्ज टाइप करून दाखवला. गुरुजींच्या पडद्यावर फक्त 'ग' होता. ओळीच्या ओळी 'ग'.

निघताना दारात चपला शोधता शोधता त्यांनी मला विचारलं, "साहेब, आमच्या वाडीचं काय?"

भोवती माणसं होती. मला विनोद सुचला. "तुम्हाला देऊ? तुम्ही त्याला काढा पाजाल!"

सगळे हसले. गुरुजीही हसले. "बरोबर हाय," म्हणाले आणि वैशाखऱ्याची जीप भरत होती तिकडे गेले. ड्रायव्हरनं तीनदा स्टार्टर मारला तरी जीप सुरू होईना. तिला उद्देशून ते एक शब्दही बोलले नाहीत.

संगणक मी रस्त्याकडच्या एका मोठ्या शाळेला दिला. तिथल्या मुख्याध्यापकांनी तो आपल्या खोलीत ठेवला, वर फुलाफुलांचं कापड घातलं आणि कापडावर कबड्डीच्या ढाली मांडल्या. पोरांना तो दारातून दिसे. वाडीला संगणक मिळाला, पण गुरुजी निवृत्त झाल्यावर.

आणि मी ओल्या पट्टीची गोष्ट सांगत राहिलो. जिथे संगणकाचं प्रशिक्षण असेल तिथे सुरुवातीलाच. लोक मोकळे होत, माझं भाषण रंगे. निवृत्तीनंतर एकदा शहापूरला अशाच कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावलं होतं, तिथेही सांगितली. कार्यक्रम संपल्यावर पांढऱ्या केसांच्या वेखंडे बाई समोर आल्या.

"साहेब, तुमी अजून ती गोष्ट सांगताव?"

"लोकांना आवडते."

"आवडणारच. पण पट्टी ठेवण्याआधी त्यांनी मागचं बटण बंद केलं होतं. मी शेजारीच होते ना. पडदा काळा होता. तुमी सगळे पट्टीकडं बघत होता."

मला काही उमजेना. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं.

"ते मेच्या सुट्टीत कल्याणला क्लासला जायचे, साहेब. प्रशिक्षणाच्या आधीच. पोरांपोरांत बसून शिकले. दुपारी तुमी सगळे जेवायला गेलात की मला शिकवायचे. खाली न बघता दोन्ही हातांनी टाइप करायचे. मी म्हटलं, गुरुजी, मग हे सोंग कशाला? तुमच्या वाडीचा संगणक जाईल. तर म्हणाले, तो काय, पुढच्या वर्षी पण येईल. तुमी आज घरी गेलात तर परत यायच्या नाय. कुणाला सांगायचं नाय म्हणून वचन घेतलं. मी रिटायर होईपर्यंत पोरांना संगणक शिकवला, साहेब. आज तुमी परत सगळ्यांना हसवलंत, तेव्हा नाय राहवलं."

त्याच आठवड्यात मी वैशाखऱ्याला गेलो. गुरुजी रस्त्याला लागून असलेल्या एका खोलीत एकटे राहत. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. खोलीत कॉट, स्टोव्ह, दोन कप. त्यातल्या एकावर धूळ बसलेली. तो त्यांनी धुवून माझ्यासाठी घेतला.

"गुरुजी, वेखंडे बाई भेटल्या होत्या," मी म्हणालो.

चहा गाळणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुम्हाला सगळं येत होतं. आणि मी वाडीतल्या पोरांचा संगणक..."

"काय येत होतं हो?" गुरुजी एकदम मोठ्यानं म्हणाले. "बाईंचं काय ऐकता! त्यांची माया हाय, म्हणून बोलतात. मला कुठं काय येतं? हे बघा." उशीखालून त्यांनी मोबाइल काढला. "भाच्यानं दिलाय. वाजला की काळीज धडधडतं. उचलायचा कसा तेच कळत नाय. बरं झालं आलात. शिकवा जरा."

त्यांनी फोन उलटा धरला होता.

मी तो सुलटा करून त्यांच्या हातात दिला. "हे हिरवं बटण दाबायचं."

त्यांनी लाल दाबलं.

"अहो, हे लाल."

"असं का? मग हिरवं कुठलं?"

"हे. डावीकडचं."

"माझ्या डावीकडं का यांच्या?"

मला हसू फुटलं. आवरेना. हसता हसता डोळे पुसावे लागले. गुरुजी गंभीर चेहऱ्यानं बटणं दाबत राहिले आणि मला डोळे पुसू दिले.

परतीची एसटी यायची वेळ झाली तरी त्यांना काही जमलं नाही. रस्त्यापर्यंत पोचवायला आले. "उद्या याल का?" त्यांनी विचारलं. "एका दिवसात नाय व्हायचं माझं."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. नंतरही जात राहिलो, ते होते तोवर. शेवटपर्यंत त्यांना फोन उचलायला आला नाही.