बादली विकणे नाही

बादल्यांची रास छताला टेकली, तेव्हा दुकानदाराने कंपनीला फोन लावला. महिन्यापूर्वी कंपनीच्याच माणसाने त्याला पटवलं होतं, "काय संपलं, किती मागवायचं, ही कटकटच नको. तुमच्या मशीनवर बिल झालं, की आम्हाला तिकडे कळतं. माल आम्हीच पाठवणार."

सुरुवात झकास झाली. मग एका हौशी नाटकमंडळीने दुकानातल्या झाडून सगळ्या बादल्या नेल्या. लगोलग टेम्पोभर बादल्या हजर! पाय ठेवायला जागा उरेना. दुकानदाराने थोड्या सासऱ्यांच्या गच्चीवर हलवायच्या ठरवल्या; पण बायको हिशेबाला पक्की.

"माहेरी गेल्या म्हणून काय झालं? दुकानातून वस्तू बाहेर पडली, की बिल झालंच पाहिजे."

बिलं झाली. दोन टेम्पो आले.

"अहो, थांबवा आता!" दुकानदार फोनवर कळवळला.

"थांबवू? एवढ्या बादल्या दुसरं कोणीच खपवत नाही. साहेब खूश आहेत तुमच्यावर!"

फोन ठेवतो तोच बायको म्हणाली, "बाबांचा निरोप आहे. आणखी एक बादली आली, तर जावयाने तोंड दाखवू नये."

शेवटी ठरलं, बादली विकायचीच नाही. तीन-चार दिवस गिऱ्हाइकांना वाटेला लावलं. मग शेजारच्या मावशी आल्या.

"एक बादली दे रे."

"नाहीत, मावशी."

"मग या काय?"

"आहेत, पण विकायच्या नाहीत."

मावशींनी डोळे बारीक केले. "पाणी जाणार आहे, होय ना?"

"छे हो! तसं काही नाही."

"इतक्या घाईने नाही म्हणतोस, म्हणजे नक्कीच!"

घटकाभरात दुकानापुढे हीऽ गर्दी. माल दाबून ठेवल्याचा आरोप झाला, काउंटर हलू लागलं. बायको कुजबुजली, "देऊन टाका एकदाच्या. मशीनला हात लावू नका, बिलं मागाहून करू."

बादल्या संपल्या, सासऱ्यांची गच्चीही मोकळी झाली. रांग मात्र वाढतच होती. तेवढ्यात तिच्यातून वाट काढत कंपनीचा माणूस आत आला.

"तुमचं म्हणणं पटलं बरं का! इतक्या दिवसांत मशीनवर एकही बादली नाही. तुमच्या भागात बादलीला उठावच नाही. यापुढे एकही पाठवणार नाही!"

"काऽय? यापुढे मिळणारच नाहीत?" रांगेतून मावशी कडाडल्या.

दुकानदाराने रांगेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि त्या माणसाचे दोन्ही हात धरले.

"असं करू नका हो! निदान एक टेम्पो तरी..."