कच्च्या वरणाचा रणसंग्राम, तालुके दारव्हा

श्रीकुलदैवत समर्थ. तलाव जुना, हकीकत ताजी. ऐकणाराने जेवण आटोपून ऐकावी. तालुके दारव्हा, येथील गावतलाव ऋतूपरत्वे तीन सोंगे घेणारा: श्रावणी तांबडा गढूळ, पौषी आरशासारखा निर्मळ आणि वैशाखी तळ गाठला म्हणजे हिरवट, खारा, बेमुर्वत. ऐशा तलावाचा नमुना ऐन पौषात यवतमाळास रवाना जाहला आणि 'पिण्यास योग्य' ऐसा दाखला आला आणि सरपंच बबनराव यांणी तो पंचायतीच्या दारास ठोकून बारमाही अंमल त्याचाच चालविला. गावातील नळांस पाणी याच तलावाचे.

मग वैशाख लागला आणि गंगाजळनिर्मळ मातुश्री तानाबाई यांचे मुदपाकखान्यात तुरीच्या डाळीने बंड मांडिले. कुकरने शिट्ट्यांची सरबत्ती केली, परंतु डाळ दाणादाणा उभी. बाईंनी खापर नव्या सुनेच्या, ढाणकीकर दीपाच्या माथी फोडिले की, "तुह्या हातालेच गुण नाही वो!" आणि पळी काढून घेतली. रविवारी ढाणकीचे व्याही जेवावयास येणार, आणि तानाबाईंचे वरण म्हणजे पंचक्रोशीत नाव. ते बुडाले तर तोंड कोठे दाखवावे? सबब बाई खुद्द चुलीपाशी उभ्या ठाकल्या. डाळ तरीही जुमानेना. तेव्हा उमगले की गनीम सून नव्हे, नळ.

मग पदर खोचून, गंजभर पाणी घेऊन स्वारी सरपंचाचे घरी दाखल जाहली. बबनराव वदले, "काकू, दाखला हाय ना! पानी एकदम ओके." इतक्यात बाईंची नजर स्वयंपाकघरात शिरली, तो तेथे विकतच्या पाण्याचा निळा कॅन ओट्याखाली दडी मारून बसलेला.

"दाखला आमाले अन् कॅन तुले? काहून रे? पी हा गिलास, मंग बोल!"

सरपंचांनी एक घोट घेतला आणि मुद्रा ऐसी फिरली की तहास उशीर लागला नाही. कलमे ठरली: तलाव भरेतो गावास टँकर, आणि कॅन तूर्त तानाबाईंचे हवाली.

रविवारी त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी विरघळली. व्याह्यांनी बोटे चाटली आणि पुसिले की रांधिले कोणी. माफी मागणे बाईंच्या घराण्याचा रिवाज नव्हे. तरी पळी सुनेपुढे धरून फर्मान सुटले, "दीपानं. वाढ वो बाई, तुह्या बाबाले आनखीन वाढ."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लुटीत कॅन एक आला. दाखला दारावर आहे तसाच आहे. पळी सुनेच्या हाती गेली, ती फिरोन मागितली नाही.